किती टक्के? डहाणू-तलासरीतल्या दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल थोडं सविस्तर

पोस्ट मोठी आहे. तरी घरात, पाड्यात, नात्यात कोणी दिव्यांग असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तरी वाचा. कारखान्यात मशीनवर उभं राहणाऱ्याला, बोटीवर खलाशी म्हणून जाणाऱ्याला आणि म्हातारं होणाऱ्या प्रत्येकाला हा विषय कधी ना कधी लागू होतो.

ऑक्टोबर २०२५ पासून संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान महिन्याला १५०० वरून २५०० रुपये झालं. बातमी पाड्यापाड्यात पोचली. तेव्हापासून माझ्या दुकानात आणि फोनवर एकच प्रश्न येतोय, "दादा, किती टक्के लागतात?" कागद कोणते लागतात, कुठे जायचं, हे नंतर. आधी टक्के. आमच्याकडे आता माणसाची ओळखसुद्धा तशीच सांगतात. "तो चाळीसवाला." "तिचे ऐंशी बसले." "याचे बसलेच नाहीत."

मी स्वतः पोलिओवाला. जन्म १९८४ चा, डावा पाय लहानपणीच गेला. डहाणू तालुक्याच्या पूर्व भागात माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. माझ्याकडे आजवर तीन प्रमाणपत्रं झाली. पहिलं शिक्क्याचं कागदी, दुसरं ऑनलाइन आल्यावरचं, तिसरं आताचं यूडीआयडी. तिन्हीवर टक्के वेगळे. पाय तोच आहे. माझं नशीब की तिन्ही आकडे चाळीसच्या वर होते, म्हणून मी हसत सांगतोय. चाळीसच्या खाली आलेला माणूस हसत सांगत नाही.

हे टक्के येतात कुठून?

लोकांना वाटतं डॉक्टर बघतो आणि मनाला येईल तो आकडा टाकतो. तसं नाही. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. प्रत्येक प्रकाराचे टक्के कसे काढायचे याचे तक्ते केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये काढले आणि मार्च २०२४ मध्ये सुधारले. डॉक्टरला त्या तक्त्याप्रमाणेच जावं लागतं.

तक्ते कसे असतात ते बघा. हाताचा अंगठा मुळापासून गेला तर ३० टक्के. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के. कानाचा हिशोब वेगळाच. चांगल्या कानाचे टक्के पाचने गुणायचे, त्यात वाईट कानाचे मिळवायचे आणि सहाने भागायचं. म्हणजे एक कान ठार बहिरा आणि दुसरा शाबूत असेल तर जेमतेम १७ टक्के होतात.

आता आपल्या भागात हा तक्ता आणून ठेवा. उंबरगाव, वापी, सिल्वासाच्या कंपन्यांत आपली किती पोरं प्रेसवर काम करतात ते तुम्हाला माहीत आहे. उजव्या हाताचा अंगठा गेलेल्या माणसाने कोयता कसा धरायचा, चिकूच्या झाडावर कसं चढायचं, जाळं कसं ओढायचं? त्याच्या हाताला पुढे कामच मिळत नाही. पण तक्ता सांगतो ३०. आणि अनुदानाची, एसटी सवलतीची, आरक्षणाची दारं उघडतात ४० ला.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून ठेवतो, कारण तिच्यामुळे काही जणांचं काम होऊ शकतं. एकाच माणसाला दोन प्रकारचं अपंगत्व असेल तर दोन्ही तपासून घ्या. बेरीज सरळ होत नाही, तिला सूत्र आहे. ३० आणि ३० मिळून ६० होत नाहीत, पण ५० होतात. ४० आणि २० मिळून ५१ होतात. हाताच्या डॉक्टरने ३० दिले म्हणून घरी निघून गेलेला माणूस डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलाच नाही, असं मी पाहिलंय. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

प्रमाणपत्रानंतर कार्ड येतं, त्याचे तीन रंग. ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. पांढरं कार्ड मिळालेला माणूस आनंदाने दुकानात येतो, "कार्ड निघालं दादा." त्याला समजावणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात वाईट काम. सरकारने मान्य केलंय की तू दिव्यांग आहेस, पण पेन्शन मिळण्याइतका नाहीस, हे कसं सांगायचं?

कायदा एक म्हणतो, तक्ता दुसरंच मोजतो

२०१६ च्या कायद्यात दिव्यांग व्यक्तीची व्याख्या चांगली आहे. फक्त शरीरातली कमतरता म्हणजे दिव्यांगत्व नाही. ती कमतरता आणि समोरचे अडथळे एकत्र येऊन माणसाला समाजात बरोबरीने वावरता येत नाही, तेव्हा ते दिव्यांगत्व. म्हणजे कायद्याच्या मनात रस्ता आहे, दवाखान्याचं अंतर आहे, हाताला मिळणारं काम आहे, लोकांचं वागणंसुद्धा आहे.

पण टक्के काढताना यातलं बहुतेक बाहेर राहतं. माझ्यासारखाच पाय असलेला एक माणूस बोरिवलीत लिफ्टच्या इमारतीत राहतो आणि एका जागी बसून काम करतो. दुसरा सायवनच्या बाजूला डोंगरातल्या पाड्यावर राहतो, पावसाळ्यात ओहोळ ओलांडल्याशिवाय त्याला डांबरी रस्ता दिसत नाही. दोघांचे टक्के सारखेच येतील. पाय मोजला गेला, वाट मोजली गेली नाही.

सिकलसेलचंही तसंच. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया दिव्यांगत्वात घेतले, ही आपल्या आदिवासी भागासाठी मोठी गोष्ट आहे. पण सिकलसेल डोळ्याला दिसत नाही. त्रास येतो आणि जातो. तपासणीच्या दिवशी मुलगी ठणठणीत दिसते. मग डॉक्टर कागद बघतात. किती वेळा रक्त चढवलं, किती वेळा भरती केली, हाडांना किंवा आतल्या अवयवांना काय इजा झाली. ज्याचा दवाखाना जवळ त्याची फाईल जाड. जिची आई रात्रभर पाय चेपून, गरम पाण्याने शेकून तिला सांभाळते, तिच्या दुखण्याचा कागदच नसतो. म्हणून हात जोडून सांगतो, डिस्चार्जचे कागद टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून छपराखाली कोरड्या जागी ठेवा. (आणि फक्त वाहक असलेल्यांना, म्हणजे आजार नाही पण रक्तात गुण आहे अशांना, प्रमाणपत्र मिळत नाही. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.)

माझ्या घरातली गोष्ट

चुलतभावाचा मुलगा, माझा पुतण्या. आता एकोणीस वर्षांचा. बौद्धिक दिव्यांगत्व. दहाव्या वर्षी त्याला ५० टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं होतं.

बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र पाच, दहा आणि अठरा या वयांना नवीन करायचं असतं. अठराव्या वर्षी मिळालेलं मग आयुष्यभर चालतं. म्हणजे ती शेवटची तपासणी सगळ्यात महत्त्वाची. इथे त्यावर पुढचं सगळं आयुष्य ठरणार असतं.

या तपासणीत बुद्ध्यांकाबरोबर रोजचं वागणं बघतात. घरच्यांना प्रश्न विचारतात. स्वतःचं स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, एकटा बाहेर जातो का, घरच्या कामात मदत करतो का, पैशाचा व्यवहार कळतो का. उत्तरांवरून एक गुणांक निघतो. तो ५५ ते ६९ आला तर ५० टक्के. ७० ते ८४ आला तर २५ टक्के. म्हणजे दोन-चार उत्तरं इकडची तिकडे झाली की पेन्शन आली किंवा गेली.

वहिनी त्याला घेऊन गेली. प्रश्न विचारला, काम करतो का? वहिनी म्हणाली, "सगला करतो माझा पोर. गुरं चारतो, लाकडं आणतो, पाणी भरतो." एकटा जातो का? "जातो ना, रानात एकटाच जातो." खोटं काही नव्हतं. तो हे सगळं करतो. लहानपणापासून त्याच वाटेने, त्याच गुरांमागे जातो. पण शंभराची नोट आणि दहाची नोट त्याला सारखीच. तलासरीच्या बाजारात हात सुटला तर घरी परत येणार नाही. एकदा मोठ्या पोरांबरोबर वापीला कामाला गेला आणि दोन दिवस सापडला नाही. हे वहिनीने सांगितलं नाही, कारण हे कोणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी परक्या माणसासमोर, पोराच्या देखत, आईने ते कसं सांगावं?

२५ टक्के आले. पांढरं कार्ड.

तपासणी करणाऱ्याला मी दोष देत नाही. कुठे झाली तेही लिहीत नाही. त्यांनी जे ऐकलं ते लिहिलं. बाहेर रांग होती, वेळ थोडा होता, आणि प्रश्न पुस्तकी मराठीत होते. आपल्याकडे म्हातारी डॉक्टरलाही "तू" म्हणते, ती उद्धटपणाने नाही, आमच्या बोलीत तसंच बोलतात. समोरच्याला हे माहीत नसेल तर पहिल्या मिनिटालाच दोघांमध्ये भिंत उभी राहते.

आम्ही अपील केलं. दुसऱ्या तपासणीला वहिनीबरोबर त्याच्या जुन्या शाळेतल्या बाई आल्या. जाण्याआधी मी वहिनीला बसवून सांगितलं, त्याला काय येतं ते नको सांगू, काय येत नाही ते सांग. ती गप्प बसली. मग म्हणाली, "एवढी वर्षं मी लोकांना सांगत आले की माझा पोर वेडा नाही. आता तूच सांगतो की वेडा आहे म्हण?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. सात महिने, सहा फेऱ्या, आणि शेवटी ५० टक्के. पिवळं कार्ड आलं. पण ज्या व्यवस्थेत आपल्या लेकराची लाज वाटल्यासारखं बोलल्याशिवाय हक्क मिळत नाही, तिच्यात काहीतरी चुकतंय एवढं मला कळतं.

टक्के बसले, आता उत्पन्न

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे पैसे सुरू झाले असं नाही. संजय गांधी योजनेला वय, महाराष्ट्रातला पंधरा वर्षांचा रहिवास आणि उत्पन्न या अटी आहेत. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये. २०१९ च्या आधी ती २१ हजार होती, म्हणजे महिन्याला १७५०.

५० हजाराला १२ ने भागा. महिन्याला ४१६६ रुपये. ३६५ ने भागा. दिवसाला १३७ रुपये, एका माणसाचे नाही, सगळ्या घराचे. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे घरातला एकच माणूस वर्षात १६१ दिवस त्या दराने राबला की घर मर्यादेच्या बाहेर. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जाणारं जोडपं सरकारच्या हिशोबाने "निराधार" राहत नाही. शेजारी ठेवून बघा, लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. त्या बहिणींना मिळतं त्याला माझा विरोध नाही, माझ्याही घरात मिळतं. पण दिव्यांगाला ५० हजाराची अट का, हा प्रश्न आपण विचारायला नको का?

केंद्राची वेगळी योजना आहे, इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन. त्याला ४० नाही, ८० टक्के लागतात आणि दारिद्र्यरेषेखाली असावं लागतं. केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये. २०१२ पासून तेवढाच. एवढ्या वर्षांत मिठापासून मोबाईलपर्यंत सगळ्याचे भाव वाढले, हा आकडा हलला नाही. राज्य त्यात आपली भर घालतं म्हणून तो दिसत नाही एवढंच.

आणि २५०० झाले ते कोणाची मेहरबानी म्हणून नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम २४ सांगतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत दिव्यांगाला इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मिळालं पाहिजे. जुलै २०२३ पासून सगळ्यांना सरसकट १५०० होते, तेव्हा कायद्याने दिव्यांगांना निदान १८७५ हवे होते. दिव्यांगांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, २०२५ च्या जूनमध्ये मोझरीला बच्चू कडूंचं उपोषण झालं, त्यानंतर सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाचा निर्णय आला. मागितलं म्हणून मिळालं, हे विसरायचं नाही.

अंतराचे टक्के कोण देणार?

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, ठाण्याची फेरी वाचली, हे खरंच. पण तलासरीला आजही रेल्वे नाही. वेवजी, उपलाट, कोदाडच्या माणसाने पालघरला जायचं तर आधी शेअरिंगची गाडी, मग डहाणू रोड किंवा उंबरगाव, मग ट्रेन. दिव्यांग माणूस एकटा जात नाही, बरोबर एक जण लागतो. दोघांची मजुरी बुडते. तपासणी एका फेरीत उरकली तर नशीब. कानाची तपासणी करायला आवाज बंद खोली, मशीन आणि त्यातला जाणकार लागतो, आणि हे तिन्ही प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात नसतात. मानसिक आजाराला मानसोपचारतज्ज्ञ लागतो. ज्या दिवशी तो येतो त्या दिवशी माणूस वीटभट्टीवर किंवा वेरावळच्या बोटीवर असतो.

म्हणजे टक्के तपासणीच्या टेबलावर ठरतात, पण टेबलापर्यंत कोण पोचणार हे आधीच ठरलेलं असतं. ज्याचे टक्के सगळ्यात जास्त, तो अंथरुणाला खिळलेला, त्याचंच कार्ड सगळ्यात उशिरा. माझ्या ओळखीत एक म्हातारबा पक्षाघाताने पडून होते. मुलांनी त्यांना झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं, मग गाडी. कार्ड पोस्टाने आलं तेव्हा म्हातारबांचं बारावं होऊन गेलं होतं. कार्ड निळं होतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले. आधी अर्जाचा निकाल एका महिन्यात द्यायचा होता, आता तीन महिने दिलेत. आणि अर्ज दोन वर्षांत निकाली निघाला नाही तर तो बाद, पुन्हा नव्याने भरायचा. म्हणून ज्यांनी अर्ज भरून ठेवलाय आणि तपासणीला गेलेच नाहीत, त्यांनी आपली पावती काढून तारीख बघा. आजच.

ग्रामपंचायतीचे पाच टक्के

हा टक्का वेगळा आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा, असा राज्याचा आदेश आहे. पण स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं वगैरे. महामार्गाला लागून ज्या पंचायतीत कंपन्या आणि हॉटेलं आहेत तिचे ५ टक्के म्हणजे बऱ्यापैकी रक्कम. डोंगरातल्या पंचायतीचे ५ टक्के म्हणजे सगळ्यांना मिळून एक-दोन छत्र्या. एकाच तालुक्यात, सारख्याच टक्क्यांच्या दोन माणसांना वेगळं मिळतं, कारण त्यांची गावं वेगळी आहेत. तरी ग्रामसभेत प्रश्न विचारा. गेल्या वर्षी दिव्यांगांसाठी किती निधी निघाला आणि कशावर खर्च झाला? आपला भाग पेसाचा आहे, इथे ग्रामसभेला मान आहे. तो मान फक्त जमिनीच्या आणि रेतीच्या विषयात वापरायचा असं कुठे लिहिलेलं नाही.

"बोगस" हा शब्द

२०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी बाईंच्या प्रमाणपत्रांचा वाद देशभर गाजला. त्यानंतर फेरतपासणीचा जोर वाढला. बोगस प्रमाणपत्र घेणाऱ्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि ते झालंच पाहिजे. तो आमच्या ताटातला घास आहे. पण संशय वरून खाली उतरतो तेव्हा तो सगळ्यात गरिबाच्या डोक्यावर येऊन बसतो. साहेबांचं प्रमाणपत्र तपासायला समिती बसते, आमच्या पाड्यातल्या माणसाला खिडकीवरूनच ऐकावं लागतं, "तू तर चालतोयस की."

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने आपल्या महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या मेडिकल प्रवेशाच्या खटल्यात सांगितलं की नुसत्या टक्क्यांच्या आकड्यावरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही, तो माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो हे बघावं लागेल. त्या मुलाचे टक्के "जास्त" होते म्हणून त्याला अडवलं होतं. आपल्याकडे "कमी" म्हणून अडवतात. पण न्यायालयाचा मुद्दा दोघांना लागू पडायला हवा. आकडा बघा, पण आकड्यामागचा माणूसही बघा.

आता कामाचं. हे लिहून ठेवा

१. अर्ज स्वावलंबन पोर्टलवरच होतो. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र फक्त ऑनलाइन मिळतं. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. माणूस स्वतः येऊ शकत नसेल तर पालक किंवा घरचे अर्ज भरू शकतात.

२. जुनं कागदी प्रमाणपत्र फाडू नका. तपासणीला ते आणि सगळे जुने रिपोर्ट बरोबर न्या.

३. एकापेक्षा जास्त अपंगत्व असेल तर अर्जातच दोन्ही लिहा.

४. नाकारलं तर "नाही म्हणाले" एवढ्यावर घरी येऊ नका. कारण लेखी मागा. नियमात त्यासाठी ठरलेला नमुना आहे, तो देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

५. टक्के कमी वाटले तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. हा हक्क कायद्याच्या कलम ५९ चा आहे. त्यासाठी वकील लागत नाही.

६. पेन्शन आधारला जोडलेल्या खात्यात येते. खातं बंद पडलं असेल, केवायसी राहिलं असेल, तर टक्के शंभर असले तरी पैसे अडकतात. हयातीचा दाखला दरवर्षी द्या.

७. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेचा हिशोब वेगळा, तिथे नुसते ४० टक्के चालत नाहीत, अपंगत्वाचा प्रकार बघतात. डब्यात चढण्याआधी माहिती घ्या, उगाच दंड भरू नका.

८. "टक्के वाढवून देतो" म्हणणारा माणूस भेटला तर त्याला माझ्या दुकानाचा पत्ता द्या. मी त्याचा चांगला सत्कार करतो.

आणि आपल्याला मागायचं काय?

फार मोठं काही नाही. तपासणी शिबिरं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर व्हावीत, तारखा महिनाभर आधी पाड्यात कळाव्यात, आणि स्थलांतर सुरू व्हायच्या आधी, म्हणजे दिवाळीपूर्वी, एक मोठी फेरी व्हावी. कानाचं मशीन आणि जाणकार गाडीतून फिरवता येतात. अंथरुणावरच्या माणसाची तपासणी घरी जाऊन व्हावी. तपासणीच्या टेबलाशी आपली बोली समजणारा एक माणूस असावा, आशाताई चालेल, अंगणवाडीताई चालेल. त्याच मंडपात तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आणि पेन्शनचा अर्ज व्हावा. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. विभाग मंत्रालयात आहे, त्याची सावली उधव्यापर्यंत पडू द्या एवढंच म्हणणं आहे.

१९४५ मध्ये तलासरीच्या झरी गावात आपल्या आजोबा-पणजोबांनी वेठ बंद करायचं ठरवलं आणि केली. त्यांच्या नातवंडांना कानाच्या मशीनची गाडी मागायला कठीण जाऊ नये. मी एक अर्ज तयार केलाय, जिल्हाधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या नावे. पुढच्या ग्रामसभेत ठराव करून त्याला जोडा, म्हणजे वजन येईल. अर्जाची प्रत हवी असेल तर इनबॉक्स करा, दुकानात आलात तर फुकट झेरॉक्स देतो.

आपल्या पाड्यात किती जण तपासणीपर्यंत पोचलेच नाहीत, तो नुसता आकडा कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. कोणाचंही नाव, आधार नंबर, प्रमाणपत्राचा फोटो कमेंटमध्ये टाकू नका. आणि ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांना ही पोस्ट वाचून दाखवा. ज्यांच्यासाठी लिहिली, त्यातल्या निम्म्यांकडे तो नाही.